स्वादुपिंडाचा पसरलेला कॅन्सर: क्लिनिकल ट्रायल कधी शोधायची, कशी शोधायची, काय विचारायचं

स्वादुपिंडाचा कॅन्सर पसरलाय हे कळल्यावर घरात पहिले दिवस नुसती धावपळ असते. स्कॅन, बायोप्सी, कावीळ उतरवायला स्टेंट (पित्तनलिकेत बसवायची नळी), मग किमो कधी सुरू होणार याची वाट. या गडबडीत क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवर होणारी चाचणी, हा विषय कुणी काढत नाही, आणि निघतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. माझ्या थोरल्या भावाच्या वेळी तो निघाला दुसरी किमो थकल्यावर. तोवर त्याचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं. एका ट्रायलला हवा होता नेमका तोच जनुकीय बदल त्याच्या गाठीत होता, पण दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असल्यामुळे त्याचं नाव पहिल्याच चाळणीत गळलं. त्यानंतर मी ओळखीपाळखीच्या बऱ्याच कुटुंबांना फाईल लावून द्यायला मदत केली. जे शिकले ते इथे क्रमाने सांगते.

सगळ्यांत आधी एक गोष्ट मनात पक्की करा. ट्रायल म्हणजे सगळे उपाय संपल्यावर ठोठवायचं दार नव्हे. ती पहिल्या आठवड्यात चौकशी करायची गोष्ट आहे. हा आजार अंगातली ताकद झपाट्याने खातो आणि बहुतेक ट्रायलना चालता-फिरता माणूस लागतो. दोन्ही गोष्टी एकत्र असण्याचा काळ फार थोडा असतो.

नेहमीच्या उपचारातून किती मिळतं, ते आधी समजून घ्या

ट्रायलचा निर्णय घ्यायचा तर तुलना कशाशी करायची हे माहीत हवं. १९९७ मध्ये जेमसिटाबीनची चाचणी प्रसिद्ध झाली. जुन्या औषधावर रुग्णांचं मध्यक आयुष्य ४.४ महिने होतं, जेमसिटाबीनवर ते ५.६५ झालं. २०११ मध्ये फॉल्फिरिनॉक्स ही चार औषधांची किमो आली. ३४२ रुग्णांच्या त्या चाचणीत ११.१ विरुद्ध ६.८ महिने असा फरक दिसला. २०१३ मध्ये जेमसिटाबीनला नॅब-पॅक्लिटॅक्सेलची जोड मिळाली, ८.५ विरुद्ध ६.७ महिने. २०२३ मध्ये नॅलिरिफॉक्स या चार औषधांच्या किमोने ११.१ महिने दाखवले आणि समोरच्या जेमसिटाबीन-नॅब-पॅक्लिटॅक्सेलच्या जोडीने ९.२.

मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले, निम्मे जास्त. तुमच्या माणसाचं भविष्य त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. पण यातली प्रत्येक पायरी ट्रायलमध्ये नाव घातलेल्या रुग्णांमुळेच चढता आली, आणि पायऱ्या अजून लहान आहेत. म्हणून पहिल्या किमोच्या आधीच ‘या टप्प्यावर कोणती ट्रायल आहे का?’ हा प्रश्न योग्य ठरतो. काही ट्रायल फक्त किमो न झालेल्यांनाच घेतात. किमोची एक सायकल झाली की ते दार बंद होतं.

पहिलं काम: गाठीचा तुकडा आणि जनुकांचे रिपोर्ट

बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ लिहिलंय की ‘न्यूरोएंडोक्राइन’, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अवयव एकच असला तरी हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांचे उपचार वेगळे आणि ट्रायलही वेगळ्या. हा लेख अ‍ॅडेनोकार्सिनोमाबद्दल आहे.

आता तुकड्याचा प्रश्न. स्वादुपिंडाची बायोप्सी बहुतेकदा एंडोस्कोपीतून बारीक सुईने घेतात. या गाठीत कॅन्सरच्या पेशी कमी आणि चिवट तंतूंचं जाळं जास्त असतं. त्यामुळे निदानापुरतं मिळतं, पण जनुकीय तपासणीला माल उरत नाही असं वारंवार घडतं. बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना सांगा: ‘पुढे जनुकीय तपासणी करायची आहे, पुरेसा तुकडा घेता येईल का?’ यकृतात गाठी असतील तर तिथून जाड सुईने घेतलेला तुकडा अनेकदा जास्त उपयोगी पडतो. बायोप्सी झालेली असेल, तर पॅथॉलॉजीत मेणाच्या ब्लॉकमध्ये किती ऊती शिल्लक आहे ते विचारा. तो ब्लॉक कुठे ठेवलाय, मागायला कोणता अर्ज लागतो, हेही त्याच फेरीत लिहून घ्या. तुकडा कमीच पडला तर रक्तातून गाठीचा डीएनए शोधणारी तपासणी, म्हणजे लिक्विड बायोप्सी, हा पर्याय असतो. ती कधीकधी चुकवते, पण हाती काहीच नसण्यापेक्षा बरी.

तपासण्या दोन करायच्या असतात आणि लोक त्यांत हमखास गोंधळतात. एक जन्मतः आलेल्या जनुकांची, रक्तातून किंवा लाळेतून. दुसरी गाठीत नंतर झालेल्या बदलांची. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाची पहिली तपासणी करावी असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, घरात कुणाला कॅन्सर झालेला असो वा नसो. तिच्यात बीआरसीए १ किंवा २ या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या जनुकांमध्ये दोष सापडला तर त्याचा उपयोग रुग्णाला होतो, आणि भावंडांना व मुलांनाही वेळेवर सावध होता येतं. २०१९ च्या पोलो चाचणीत हा दोष असलेल्या रुग्णांना किमोनंतर ओलापॅरिबची गोळी दिली. आजार पुन्हा वाढायला मध्यक ७.४ महिने लागले, खोटी गोळी मिळालेल्यांत ३.८. एकूण आयुष्यात मात्र फरक पडला नाही. त्या चाचणीसाठी ३३१५ रुग्ण तपासले आणि शेवटी १५४ जण पात्र ठरून सामील झाले. तपासणी आधीच हातात असणं का महत्त्वाचं, ते या दोन आकड्यांवरून कळेल.

दुसऱ्या तपासणीत बघायचं ते मुख्यतः के-रास. या कॅन्सरच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत हे जनुक बिघडलेलं असतं. पेशीने वाढावं की थांबावं हे ठरवणारा जणू तो खटका, आणि तो चालू स्थितीतच अडकतो. रिपोर्टमध्ये ‘के-रास पॉझिटिव्ह’ एवढंच वाचून थांबू नका. जी१२डी, जी१२व्ही, जी१२आर की जी१२सी, हे शेवटचं अक्षर ट्रायल ठरवतं. के-रास सामान्य असेल तर निराश व्हायचं कारण नाही, उलट अशा गाठीत औषध लागू पडेल असे दुसरे दुर्मीळ बदल सापडण्याची शक्यता जास्त असते. त्यातला एक एनआरजी१ फ्यूजन, म्हणजे हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं. त्यावरच्या झेनोकुटुझुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. एमएसआय-हाय (डीएनएतल्या चुका दुरुस्त न होणं) हा बदल जेमतेम एक टक्क्यात सापडतो, पण सापडला तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, खरा उपयोग होऊ शकतो. बाकीच्यांत नुसती इम्युनोथेरपी आजवर फारशी चाललेली नाही.

सध्या कशाची चाचणी चालू आहे

के-रासच्या पृष्ठभागावर औषधाला धरून बसायला खाचच नाही, म्हणून त्यावर औषध होणार नाही असं कित्येक दशकं मानलं जात होतं. २०१३ मध्ये जी१२सी प्रकारात एक खाच सापडली आणि २०२१ मध्ये सोटोरासिब फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी बाजारात आलं. स्वादुपिंडाच्या ३८ रुग्णांवर ते वापरलं तेव्हा ८ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. पण जी१२सी या कॅन्सरमध्ये फक्त एक-दोन टक्क्यांत असतं. म्हणून आता लक्ष आहे ते जी१२डी वरच्या औषधांकडे, आणि रासचे अनेक प्रकार एकदम अडवणाऱ्या डाराक्सनरासिबसारख्या गोळ्यांकडे. आधी किमो झालेल्या रुग्णांत किमोशी डाराक्सनरासिबची तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. या गोळ्यांत अंगावर पुरळ, तोंड येणं आणि जुलाब हे त्रास ठळक आहेत.

बातम्या वाचताना एक काळजी घ्या. २०२३ मध्ये प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या बनवलेल्या एमआरएनए लसीची खूप चर्चा झाली. त्या १६ रुग्णांपैकी ८ जणांत प्रतिकारशक्ती जागी झाली, हे मोलाचंच. पण ते सगळे शस्त्रक्रियेने गाठ काढता आलेले रुग्ण होते. तसंच विद्युतक्षेत्र देणाऱ्या पट्ट्यांच्या चाचणीचं. ५७१ रुग्णांत १६.२ विरुद्ध १४.२ महिने असा फायदा दिसला, पण तो आजूबाजूला चिकटलेल्या आणि अजून लांब न पसरलेल्या आजारात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या एका शब्दाखाली आजूबाजूला चिकटलेला आणि लांब पसरलेला, अशा दोन्ही अवस्था येतात. डॉक्टरांकडून नेमका शब्द घ्या: लोकली अ‍ॅडव्हान्स्ड की मेटास्टॅटिक?

चांगली वाटणारी कल्पनाही पडते, हेही ठाऊक असू द्या. गाठीभोवतीचं चिवट जाळं विरघळवणारं एक एन्झाइम दुसऱ्या टप्प्यात आशादायक दिसलं होतं. २०१९ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल आला: औषधासह ११.२ महिने, औषधाविना ११.५.

टप्प्यांचा अर्थ, थोडक्यात

पहिल्या टप्प्यात डोस किती सोसतो ते बघतात. रुग्ण थोडे, बहुधा सगळ्यांना नवं औषध मिळतं, फायद्याची खात्री सगळ्यांत कमी. दुसऱ्यात गाठ आक्रसते का ते बघतात. तिसऱ्यात नेहमीच्या उपचाराशी तुलना होते आणि कोण कुठल्या गटात जाईल ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. ‘मला नुसती साखरेची गोळी देतील’ ही भीती मी प्रत्येक घरात ऐकलीय. चांगला उपचार उपलब्ध असताना तो काढून घेऊन नुसती खोटी गोळी देणं नीतीला धरून नाही. खोटी गोळी असली तर ती साधारणपणे नेहमीच्या किमोच्या जोडीला असते, किंवा पोलोसारखी किमो थांबल्यानंतरच्या काळात.

शोध घ्यायचा कसा

फेब्रुवारी २००० पासून चालू असलेली क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही नोंदवही सगळ्यांत मोठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शोधपानावर देशोदेशीच्या नोंदवह्या एकत्र बघता येतात. आजाराच्या रकान्यात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं इंग्रजी नाव घाला, ‘भरती चालू’ ही खूण निवडा, मग देश. तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्यांदा शोधताना आजाराऐवजी तुमचा जनुकीय बदल घाला आणि ‘सॉलिड ट्यूमर’ असं लिहा, कारण पहिल्या टप्प्याच्या पुष्कळ ट्रायल अवयवाच्या नावाने नोंदलेल्याच नसतात. ही एक युक्ती अनेकांना ठाऊक नसते.

नोंद उघडली की मी वर्णन वाचत बसत नाही. थेट पात्रतेच्या अटींवर जाते, मग शेवटची दुरुस्ती कधीची ते बघते, मग केंद्रांची यादी. नोंदीवर ‘भरती चालू’ असलं तरी तुमच्या जवळचं केंद्र भरून गेलेलं असू शकतं. एनसीटी आणि पुढे आठ आकडे असा ट्रायलचा क्रमांक लिहून घ्या. डॉक्टरांशी, समन्वयकांशी बोलताना नावाऐवजी हा क्रमांक सांगा, म्हणजे गफलत होत नाही. आणि एवढं कायम लक्षात ठेवा: नोंदवहीत नाव असणं म्हणजे कुणी त्या उपचाराची शिफारस केलीय असं नव्हे. नव्या औषधासाठी मोठी रक्कम आगाऊ मागणारं, गुण येण्याची हमी देणारं कुणी भेटलं तर नीतिसमितीच्या मंजुरीचं पत्र मागा. टाळाटाळ झाली की तिथून निघा.

एका पानाचा सारांश

ट्रायल समन्वयकाकडे तीनशे पानांची फाईल पाठवली तर ती उघडायलाच आठवडा जातो. एक पान पाठवलं तर पुष्कळदा दोन-तीन दिवसांत ‘या’ किंवा ‘नको’ कळतं. मी करून देते ते पान साधारण असं असतं:

वय ५८. स्वादुपिंडाच्या शीर्षभागातला अ‍ॅडेनोकार्सिनोमा, निदानाची तारीख. यकृतात तीन गाठी, सर्वांत मोठी २२ मिमी, स्कॅनची तारीख. धातूचा स्टेंट, बसवल्याची तारीख. उपचार: फॉल्फिरिनॉक्स, ८ सायकल, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, थांबवण्याचं कारण (स्कॅनमध्ये वाढ). उरलेला त्रास: पायांना सौम्य बधिरपणा. ईसीओजी (रुग्ण किती चालता-फिरता आहे त्याचा मापदंड) १. के-रास जी१२डी, बीआरसीए सामान्य, एमएसआय स्थिर. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सगळ्यांवर तारखा. इतर आजार, चालू औषधं. ब्लॉक कुठे आहे.

‘थांबवण्याचं कारण’ ही ओळ लोक सोडून देतात आणि समन्वयक पहिली तीच विचारतात. औषध चाललं नाही म्हणून थांबवलं की सोसलं नाही म्हणून, यावर पुढची पात्रता ठरते.

अटी कुठे आडव्या येतात

ईसीओजी हा शून्य ते पाचचा मापदंड. शून्य म्हणजे पूर्वीसारखं सगळं जमतं. एक म्हणजे जड काम नाही, पण हलकी कामं होतात. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, काम नाही, पण जागेपणाचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-बसून असतो. बहुतेक ट्रायलना शून्य किंवा एक लागतो. माझा भाऊ तीनवर गेलेला होता. त्याला तिथवर नेणारी काही कारणं आवरता येण्यासारखी होती, हे मला फार उशिरा कळलं. जेवण अंगी लागत नव्हतं, शौच तेलकट, चिकट व्हायचं, आणि आम्ही ते किमोच्या खात्यावर टाकत होतो. स्वादुपिंडाचे पाचकरस आतड्यात पोचत नसले की असं होतं, आणि त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल असतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, मोठं जेवण असेल तर मध्ये आणखी. तशी लक्षणं दिसली तर आज विचारा. दुखणं, मळमळ, झोप यांसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांनाही सुरुवातीपासून भेटा. ती टीम शेवटच्या दिवसांपुरती असते हा गैरसमज रुग्णाची ताकद घालवतो.

दुसरा अडथळा बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पित्तातलं रंगद्रव्य. पुष्कळ ट्रायल कमाल सामान्य पातळीच्या दीडपटीपर्यंतच घेतात. स्टेंट तुंबला की ते वर चढतं, आणि थंडी वाजून ताप आला तर तो पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. सीए १९-९ या रक्तात तपासल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या खुणेचा आकडाही काविळीत फुगतो, म्हणून कावीळ असताना त्यावरून आजार वाढला असं ठरवू नये. आणि पाच ते दहा टक्के लोकांच्या शरीरात ते तयारच होत नाही.

रक्ताच्या गुठळ्या या आजारात वरचेवर होतात. एक पाय सुजला, अचानक धाप लागली तर लगेच दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्यांना अनेक ट्रायल घेतात, पण कोणतं औषध आणि किती दिवसांपासून, हे विचारतात. शिवाय शेवटच्या किमोनंतर बहुधा दोन ते चार आठवडे औषधाविना जावे लागतात. म्हणून ‘ट्रायल मिळेपर्यंत एक डोस घेऊन टाकू’ असं परस्पर ठरवू नका. तो डोस घेतला की ही मुदत पहिल्यापासून मोजतात.

संमतीपत्र

वीस-तीस पानांचं असतं. तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणा, न समजणाऱ्या ओळींवर पेन्सिलीने खुणा करा. ते रुग्णाला कळणाऱ्या भाषेत मागायचा हक्क आहे. मी हे प्रश्न लिहून नेते:

- हे औषध आजवर किती जणांना दिलंय, आणि त्यांत स्वादुपिंडाचे रुग्ण किती?
- नव्याने बायोप्सी सक्तीची आहे का, किती वेळा?
- पहिल्या महिन्यात किती दिवस हॉस्पिटलमध्ये यावं लागेल?
- औषध, स्कॅन, बायोप्सी, प्रवास यांतलं कशाचं बिल आम्हाला येईल? औषधामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा?
- रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कुणाला?
- या ट्रायलमुळे पुढची कोणती ट्रायल बंद होईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. एक के-रासचं औषध घेतलेल्याला दुसऱ्या के-रासच्या ट्रायलमध्ये सहसा घेत नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून दचकू नका, पण तयारी ठेवा. पहिल्या टप्प्यात पहिल्या डोसच्या दिवशी अर्ध्या तासाने, एका, दोन, चार, आठ तासांनी रक्त काढतात. दिवस तिथेच जातो. हातातल्या शिरा दमलेल्या असतील तर पोर्टमधून (किमोसाठी छातीच्या त्वचेखाली बसवलेल्या डबीतून) नमुना घेता येईल का ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

आणि रुग्णाला नको असेल तर नको. सही केल्यावरही, कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडत नाहीत. घरच्यांनी आशेच्या भरात माणसाला ढकलू नये. त्याला एकट्याला गाठून, शांतपणे विचारा. माझ्या एका परिचित बाईंनी पात्र ठरूनही नकार दिला, त्यांना ते आठवडे लेकीजवळ हवे होते. त्यांचा निर्णय मला पूर्ण पटला होता.

सुरू झाल्यावर

एक वही करा. तारीख, डोसची वेळ, जेवण, शौच किती वेळा, पुरळ कुठे, ताप किती. बारीकसा त्रासही लिहा आणि सांगा. ‘सांगितलं तर काढून टाकतील’ या भीतीने लपवलेला जुलाब तीन दिवसांत माणसाला सलाइनवर नेतो. वेळेवर कळलं तर बहुधा डोस कमी करतात किंवा काही दिवस थांबवतात. दुसऱ्या कुणी दिलेली गोळी, काढा, आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीचं औषध, काहीही सुरू करण्याआधी समन्वयकाला विचारा, कारण यकृतात एकमेकांशी गाठ पडून नव्या औषधाची रक्तातली पातळी बदलू शकते.

पहिला स्कॅन साधारण सहा ते आठ आठवड्यांनी असतो. मोजलेल्या गाठींची बेरीज ३० टक्क्यांनी कमी झाली तर प्रतिसाद मानतात, २० टक्क्यांनी वाढली किंवा नवी गाठ दिसली तर वाढ. मधलं सगळं ‘स्थिर’. या आजारात स्थिर हा चांगला शब्द आहे.

वाढ दिसली तर ट्रायल थांबते. त्या दिवशी खोलीबाहेर पडण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: कोणत्या तारखेपर्यंत कोणता डोस घेतला याचं पत्र, ताज्या स्कॅनची सीडी, आणि नव्याने बायोप्सी झाली असेल तर तिचा जनुकीय रिपोर्ट. एका पानाच्या सारांशात त्याच संध्याकाळी नवी ओळ घाला, आणि पुढच्या केंद्राला पाठवा.